संगणकीय फाइलींचे कूटलेखन

फाइलीतील मजकूर चावीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात साठवण्याची पद्धत, व्यवहारात ‘एन्क्रिप्शन’. मराठीत मजकूर दडवण्याची परंपरा जुनी आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. तेथे अक्षराच्या जागी ठरावीक चिन्ह येई. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी लिपी उलगडली आणि पोथ्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. संगणकात उलट असते: पद्धत जगजाहीर, गुप्त फक्त चावी. बेल्जियमच्या डामन व रायमन यांनी रचलेली आणि अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण ठरवलेली ‘एईएस’ पद्धत आज सर्वाधिक वापरात आहे.

विंडोजच्या काही आवृत्त्यांतील ‘बिटलॉकर’ अख्खी डिस्क कुलूपबंद करते. ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत साधन वेगळा सुरक्षित कप्पा करून देते. संगणक सुरू करतानाचा पासवर्ड म्हणजे कूटलेखन नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे; डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की कूटलेखन न केलेल्या फाइली सरळ उघडतात. चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी सेवाकेंद्राच्या संगणकात किंवा घरच्या पेनड्राइव्हवर आधार, सातबारा, जातीचे दाखले असतात, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. चालू, उघड्या संगणकात शिरलेल्या व्हायरसपुढे मात्र कूटलेखन निरुपयोगी. पासवर्ड व पुनर्प्राप्ती-चावी दोन्ही हरवल्यास फाइल मालकालाही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ नुसार शासन फाइल उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.