दादाची फायबरची होडी

दोन-अडीच महिने इथे काहीच लिहिलं नाही. परवा कॅनडाहून पुतणीचा फोन आला, "काका, बरे आहात ना?" तेव्हा लक्षात आलं, की आपलं लिखाण वाट पाहून वाचणारी चार माणसं तरी आहेत. बरा आहे. दादाची होडी रंगवत होतो. वय वर्षं शहात्तर, त्यामुळे जे काम पंधरा दिवसांचं ते दोन महिन्यांचं झालं, एवढंच.

दादा २०१९ च्या श्रावणात गेला. तेव्हापासून ही अठरा फुटी होडी मालवणजवळच्या आमच्या वाडीत माडाखाली पालथी पडलेली. लाकडाची असती तर एव्हाना वाळवीने निम्मी खाल्ली असती आणि उरलेली वहिनीच्या चुलीत गेली असती. फायबरला मरण नाही. विकायला काढली, कोणी घेईना. भंगारवाला आला आणि मान हलवून गेला. लोखंड वितळतं, अ‍ॅल्युमिनियम वितळतं. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, कापून खड्ड्यात पुरूया." मला ते सहन होईना. त्याचं कारण पुढे येईल, कारण त्यात माझाही थोडा दोष आहे.

मग आम्ही काका-पुतणे घासायला बसलो. आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि मग घासायचं. उलट केलं तर जुनं मेण आणि तेल पॉलिश पेपरने आत रगडलं जातं आणि नवा रंग धरत नाही. (हे एक बाजू वाया गेल्यावर कळलं.) तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तरी काचेची धूळ मानेत शिरतेच, आणि ती खाज खाजकुइलीपेक्षा फार कमी नसते.

इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण उत्खनन कधी केलं नव्हतं. ते इथे झालं. सर्वांत वर निळा रंग आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नंबर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेले ते दहा जण पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची बोट पळवून आले होते आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या किनाऱ्याला लागले होते. त्यानंतर आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांची ओळखपत्रं झाली, होड्यांची नव्याने नोंदणी झाली. निळ्याच्या खाली पिवळा-पांढरा. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा १९९७ साली जाहीर झाला आणि दादाने जाळी सोडून किल्ला बघायला येणारे लोक न्यायला सुरुवात केली, त्या वेळचा तो. त्याखाली हिरवा ऑइलपेंट, थोरल्या पुतणीच्या लग्नात दारं रंगवून उरलेला. तो पापडासारखा सुटून आला. आणि सर्वांत खाली मूळचा पांढरा, जो खरं तर रंग नव्हेच.

हे मला या वयात समजलं. लाकडी होडी आतून बाहेर घडते. आधी कणा, मग फासळ्या, मग फळ्या, आणि रंग सर्वांत शेवटी. फायबरची होडी उलटी जन्माला येते. होडीच्या आकाराचा साचा असतो, त्याला आतून मेण घासून चकचकीत करतात. त्यावर पहिला थर रंगीत रेझिनचा, त्याला जेलकोट म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर काचतंतूंची चटई पसरायची, रेझिनने भिजवायची, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा चटई. म्हणजे कातडी आधी, मांस नंतर! ऊन पहिलं या कातडीवर बसतं आणि मग हात लावला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. पाण्याखालच्या भागात निराळंच दुखणं. पाणी कणाकणाने कातडीच्या आत शिरतं आणि अंगावर फोड येतात. आम्ही स्क्रूड्रायव्हरने फोडले तेव्हा आतून शिरक्यासारख्या वासाचं पाणी आलं. ते सगळे उघडून, गोड्या पाण्याने धुऊन महिनाभर सुकू द्यायचे, मग इपॉक्सीने भरायचे.

या काचतंतूंची कथाही मजेदार आहे. १९३२ साली अमेरिकेत ओहायो राज्यात, काचेच्या कारखान्यात काम करणारा डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडू पाहत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांना त्याचं मोल कळलं. पॉलिएस्टर रेझिन आलं आणि १९४२ साली त्याच ओहायोतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी काच आणि पॉलिएस्टरची छोटी होडी बनवली. तिकडे महायुद्ध चालू, इकडे आपल्याकडे 'चले जाव'. त्या होडीची बातमी कोकणात कोणाला असणार?

होडीला मागून लावायचं इंजिन त्याच्याही आधीचं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूड यांनी ते १९०९ पासून अमेरिकेत विकायला सुरुवात केली. पुढे १९५२ च्या करारानंतर नॉर्वेचीच माणसं केरळात कोल्लमजवळ नींडकराला मासेमारीच्या होड्यांना यंत्र बसवायला आली, हा एक योगायोग.

आता माझा दोष. आमच्या आबांची होडी लाकडी होती, वाडीतल्या सुताराने बांधलेली. तिची देखभाल म्हणजे वर्षाचा एक सणच. पावसाळ्याआधी ओढून वर घ्यायची, शाकारायची. मग नारळी पौर्णिमेआधी फटींत कापूस ठोकायचा, उंडीचं तेल पाजायचं. तो कडवट वास आजही नाकात आहे. आठ दिवस सुतार आमच्या अंगणात, पोरं त्याच्या भोवती. खर्च, वेळ, आणि तरीही समुद्रातला किडा फळ्यांना भोकं पाडायचाच. १९८८ साली दादा फायबरची होडी घ्यावी की न घ्यावी अशा विचारात होता. त्याला मी पटवलं. मी शिकलेला ना! एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सातवीच्या वर्गात फळ्यावर नव्या युगाचा धडा रंगवताना म्हणालो, "लाकडाचं युग संपलं. या होडीला ना वाळवी, ना कीड, ना सुतार."

तिसऱ्या बाकावर त्या सुताराचा मुलगा बसला होता. मला तेव्हा लक्षातही आलं नाही.

आठवड्याने त्याचे वडील बाजारात भेटले. हसत म्हणाले, "मास्तरानू, सुतार नको तर तुमच्या शाळेचे बाक कोण दुरुस्त करतलो?" मीही हसलो. दोनेक वर्षांत वाडीतल्या बहुतेकांनी फायबर घेतलं आणि ते कुटुंब गोव्याला कपाटांच्या कामावर गेलं. मी एकट्याने घालवलं असं नव्हे, ते होणारच होतं. पण ते वाक्य माझं होतं.

तर होडी. घासून झाल्यावर मागच्या सपाट भागावर, जिथे इंजिन टांगतात तिथे, हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहिलं. सगळीकडे टणटण आवाज, इथे बद्द. एका कारागिराला दाखवलं. त्याने वरून दोन थर चोपडले, पैसे घेतले आणि चौथ्या दिवशी ते थर सालीसारखे निघाले. तेव्हा पुतण्याने चौकशी करून एका माणसाचा नंबर मिळवला. आला तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा! पन्नाशी उलटलेला, चष्मा, स्वतःची गाडी. त्याने ग्राइंडरने मागची कातडी कापून काढली. आत प्लायवूड होतं, चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पस्तीस वर्षं पाणी मुरत होतं.

"फायबर भायरून," तो म्हणाला. "भुतूर लाकूडच आसा, मास्तरानू."

मला हे ठाऊकच नव्हतं. नंतर आठवलं, की दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली नौकाही अशीच आहे, पोटात लाकूड आणि दोन्ही अंगांना काचतंतू. तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण आपल्या माडाखालच्या होडीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकत्र चिकटवून त्याने नवी पाठ घातली. प्रत्येक भोक आधी मोठं पाडलं, इपॉक्सीने बुजवलं आणि त्यात पुन्हा बारीक भोक घेतलं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना तो खाली बघत म्हणाला, "तुमचा ता 'ना सुतार' माका अजून याद आसा."

मी म्हटलं, "चुकलो रे."

"हं. जरा ही फळी धरा. लेव्हल जाता नये."

मी धरली.

रंग मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावला. आधी इपॉक्सीचा प्रायमर, त्यावर दोन डबे मिसळून करायचा पॉलियुरेथेन. काम दुपारी चारच्या आत संपवायचं, नाहीतर आपल्याकडची दमट हवा आणि रात्रीचं दव त्याची चकाकी घालवतात. एक हात तसा गेलाच. रंग वहिनीने निवडला, पांढरा आणि हिरवी पट्टी. हिरवा का, ते मी विचारलं नाही. मजुरीचे पैसे त्याने घेतले, आणि पुरेसे घेतले. त्याचं मला बरं वाटलं.

गेल्या सोमवारी भरतीला होडी पाण्यात सोडली. अजून इंजिन नाही, पुतण्या गोव्याला जुनं बघायला गेला आहे. मी रोज सकाळी जाऊन होडीच्या तळाशी हात फिरवतो. आज आठवा दिवस, अजून कोरडी आहे.