'काही दिसले नाही' : हौशी निरीक्षकांच्या वहीतली एक नोंद

२३ फेब्रुवारी १९८७. जागतिक वेळेनुसार सकाळचे ७ वाजून ३५ मिनिटे झाली होती. जपानमधील कामिओका येथील खाणीत बसवलेल्या पाण्याच्या प्रचंड टाकीत, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील अशाच एका टाकीत, न्यूट्रिनो कणांचा एक छोटासा झोत नोंदला गेला. दोन्हीकडचे मिळून कण जेमतेम वीसएक. त्या वेळी हे कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा ते उघड झाले.

यानंतर पावणेदोन तासांनी न्यूझीलंडमध्ये आल्बर्ट जोन्स हे हौशी निरीक्षक आपल्या दुर्बिणीतून मोठ्या मॅगेलन मेघाकडे पाहत होते. तेथे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता डोळ्यांनी अजमावणे हा जोन्स यांचा छंद. आयुष्यभरात त्यांनी अशी पाच लाखांहून अधिक निरीक्षणे केली. त्या रात्री त्यांना मेघात नवे काहीच दिसले नाही. साडेसातव्या प्रतीइतका तेजस्वी तारा तेथे असता तर तो त्यांच्या सरावलेल्या नजरेतून सुटला नसता. (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हे वाचकांना ठाऊक असेलच.) आणखी सव्वा तासाने, १० वाजून ३८ मिनिटांनी, ऑस्ट्रेलियात घेतलेल्या एका छायाचित्रात त्याच जागी सुमारे सहाव्या प्रतीचा तारा उमटला होता. दुसऱ्या रात्री चिलीतील वेधशाळेतून तो प्रथम ओळखला गेला, आणि जोन्स यांनाही तो स्वतंत्रपणे दिसला. हाच तो प्रसिद्ध अतिनवतारा १९८७ए.

अतिनवताऱ्याच्या शोधाचा मान कोणाला, याची चर्चा पुष्कळ होते. मला मात्र जोन्स यांनी आदल्या रात्री केलेले 'न दिसण्याचे' निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा न्यूट्रिनो लगेच बाहेर पडतात. प्रकाश मात्र तेव्हा बाहेर पडत नाही. गाभ्यात निर्माण झालेला आघाततरंग ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचला की मगच तारा उजळतो. न्यूट्रिनो ७ वाजून ३५ मिनिटांना, ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास अंधार, १०.३८ ला प्रकाश. म्हणजे आघाततरंगाला पृष्ठभागापर्यंत पोचायला तीन तासही लागले नाहीत. तांबड्या महाराक्षसी ताऱ्यात याच प्रवासाला साधारण एक दिवस लागला असता. तेव्हा फुटलेला तारा त्या मानाने आटोपशीर आकाराचा असला पाहिजे. जुन्या छायाचित्रांत त्या जागी निळा महाराक्षसी तारा सापडला होता, त्याच्याशी हे जुळते.

मॅगेलन मेघ ही आपली शेजारची दीर्घिका. अंतर अवघे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांत असे तारे घरच्या दुर्बिणीतून शोधायचे म्हणजे वेगळीच चिकाटी हवी. या कामाचा इतिहास १८८५ सालच्या ऑगस्टपासून सांगता येतो. त्या महिन्यात देवयानी दीर्घिकेत सहाव्या प्रतीचा एक नवा तारा दिसला. दीर्घिकांचे अंतर तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे तो साधा नवतारा समजला गेला. पुढे देवयानीचे खरे अंतर कळल्यावर तो हजारो पटींनी अधिक तेजस्वी असला पाहिजे हे ध्यानात आले. १९३४ साली वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा ताऱ्यांचा वेगळा वर्ग मांडला. झ्विकी यांनी १९३६ पासून पालोमार येथील ४६ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीने दीर्घिकांची छायाचित्रे पुनःपुन्हा घेतली, जुनी-नवी फिल्म ताडून पाहिली, आणि हयातीत शंभराहून अधिक अतिनवतारे शोधले. हे काम व्यावसायिकांचे, छायाचित्रणाचे, असाच समज त्यानंतर बराच काळ राहिला.

खरे तर साध्या गणिताने वेगळा निष्कर्ष निघतो. पाच कोटी प्रकाशवर्षे अंतरावरच्या दीर्घिकेत पहिल्या प्रकारचा अतिनवतारा फुटला तर तो जास्तीत जास्त साधारण बाराव्या प्रतीपर्यंत उजळतो. गाभा कोसळून फुटणारा असेल तर चौदाव्या प्रतीच्या आसपास. अंधाऱ्या गावातून २५ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण चौदाव्या प्रतीपर्यंत सहज पोचते. म्हणजे साधन पुरेसे होते. अडचण होती ती वाट पाहण्याची. एका दीर्घिकेत असा स्फोट शंभर वर्षांतून एखाद-दुसरा होतो. एकच दीर्घिका पाहत बसलात तर जन्म जाईल. हजार दीर्घिकांवर पाळत ठेवलीत तर वर्षाला दहा मिळतील. मोठ्या वेधशाळेत कोणी रात्रीमागून रात्री हजार दीर्घिका नुसत्या 'बघून' येतो म्हटले, तर त्याला दुर्बिणीचा वेळ कोण देणार? घरच्या अंगणातल्या दुर्बिणीला मात्र वेळ मागावा लागत नाही.

तरीही डोळ्यांनी लागलेले आरंभीचे शोध ओघाओघात लागले. दक्षिण आफ्रिकेतील जॅक बेनेट १९६८ मध्ये धूमकेतू शोधत असताना त्यांना एम ८३ या दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. १९७९ मध्ये अमेरिकेतील गस जॉन्सन यांना एम १०० मध्ये दिसला. ठरवून, यादी करून, वर्षानुवर्षे पाळत ठेवणारा माणूस ऑस्ट्रेलियात निघाला. त्यांचे नाव रॉबर्ट इव्हान्स.

इव्हान्स (१९३७-२०२२) हे न्यू साउथ वेल्समध्ये चर्चचे धर्मोपदेशक होते. अतिनवताऱ्यांचा शोध त्यांनी १९५०च्या दशकात सुरू केला. पहिला हाती लागला १९८१ साली, म्हणजे पाव शतकानंतर. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लागोपाठ दोन मिळाले. दुर्बीण २५ सेंटिमीटरची. नकाशा नाही, कॅमेरा नाही. शेकडो दीर्घिका आणि त्यांच्याभोवती दिसणारे आपल्याच आकाशगंगेतले तारे त्यांना तोंडपाठ, म्हणजे 'डोळेपाठ' होते. एखादा ठिपका जास्तीचा दिसला की ओळखीच्या चेहऱ्यावर नवा तीळ दिसावा तसे त्यांना ते जाणवे. मग खरी परीक्षा. तो ठिपका लघुग्रह तर नाही? काही वेळाने पुन्हा पाहायचे, सरकला तर लघुग्रह. एखादा रूपविकारी तारा तर नाही? जुन्या छायाचित्रात पाहायचे. दुसऱ्या निरीक्षकाकडून खातरजमा करून घ्यायची आणि मगच आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या तार-केंद्राला कळवायचे. अशा रीतीने त्यांनी नुसत्या डोळ्यांनी दुर्बिणीतून ४० हून अधिक अतिनवतारे शोधले.

यांतले दोन विशेष महत्त्वाचे. एम ८३ मधील १९८३एन आणि एनजीसी ९९१ मधील १९८४एल. ज्यांच्या वर्णपटात हायड्रोजन नसतो ते पहिल्या प्रकारचे, ज्यांच्यात असतो ते दुसऱ्या प्रकारचे, अशी विभागणी तोवर चालत आलेली होती. इव्हान्स यांच्या या दोन ताऱ्यांत हायड्रोजन नव्हता, पण पहिल्या प्रकाराची ओळख असलेली सिलिकॉनची रेषाही नव्हती. दिसत होता तो हेलियम. बाहेरचे हायड्रोजनचे कवच आधीच गमावलेल्या अवजड ताऱ्याचा गाभा कोसळल्याचा हा प्रकार होता. 'एक-बी' हा नवा वर्ग मुख्यतः या दोन ताऱ्यांच्या आधारे उभा राहिला. १९८३एन चा शोध तो पुरता उजळण्याआधीच लागल्यामुळे न्यू मेक्सिकोतील मोठ्या रेडिओ दुर्बिणीलाही त्याचे रेडिओ तरंग टिपता आले.

शोधांची ही यादी मोठी असली तरी इव्हान्स यांच्या वह्यांमध्ये तिच्याइतकाच महत्त्वाचा ऐवज आणखी एक होता. नोव्हेंबर १९८० ते ऑक्टोबर १९८८ या आठ वर्षांत त्यांनी ८५५ दीर्घिकांवर पाळत ठेवली. कोणती दीर्घिका कोणत्या रात्री पाहिली, याची नोंद ठेवली. बहुतेक सगळ्या नोंदींचा अर्थ एकच: नवे काही नाही. याच नोंदी घेऊन कॅनडातील सिडनी व्हान डेन बर्ग आणि रॉबर्ट मॅक्लुअर यांनी इव्हान्स यांच्याबरोबर अतिनवताऱ्यांचे प्रमाण काढले. १९८७ आणि १९८९ साली ते शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हे गणित वरच्या वर्गांत फळ्यावर करण्यासारखे आहे.

आठ वर्षांत ८५५ दीर्घिकांत २४ अतिनवतारे मिळाले. सरळ भागाकार केला तर एका दीर्घिकेत सुमारे २८५ वर्षांतून एक असे उत्तर येते. ते चुकीचे आहे. का? कारण दीर्घिका आठही वर्षे डोळ्यांसमोर नव्हती. काही महिने ती सूर्यामागे असते, काही रात्री ढग, काही रात्री चंद्रप्रकाश. समजा, एखाद्या दीर्घिकेतला अतिनवतारा इव्हान्स यांच्या दुर्बिणीतून ६० दिवस दिसू शकतो. मग एकदा दीर्घिका पाहून काही आढळले नाही, तर मागच्या ६० दिवसांची हमी मिळाली. दहा दिवसांनी पुन्हा पाहिले तर आणखी ६० नव्हे, फक्त १० दिवसांची भर पडली, एकूण ७०. दुसऱ्यांदा सहा महिन्यांनी पाहिले असते तर ६० अधिक ६०, म्हणजे १२०. अशी बेरीज प्रत्येक दीर्घिकेसाठी करायची. हा पाळतीचा खरा काळ. अतिनवताऱ्यांच्या संख्येला त्याने भागले की खरे प्रमाण मिळते. अंश शोधांतून येतो, छेद न लागलेल्या शोधांतून. ज्याने फक्त यशाच्या रात्री लिहून ठेवल्या, त्याच्यापाशी छेदच नसतो.

आपल्या प्रयोगवह्यांत मात्र 'काही घडले नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा प्रयोग पुन्हा करायला सांगितले जाते, हे जाता जाता नमूद करायला हवे.

पुढे कॅमेरे आले. १९९३ च्या २८ मार्चला स्पेनमधील हौशी निरीक्षक फ्रान्सिस्को गार्सिया दियाझ यांना एम ८१ मध्ये १९९३जे हा अतिनवतारा सापडला. तो आधी हायड्रोजन दाखवून नंतर हेलियम दाखवू लागला, म्हणजे दोन प्रकारांमधला दुवाच ठरला. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्याचे वेध घेतले, आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्यावरून त्याच्या भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधला. जपानमधील कोइची इतागाकी यांनी तर दीडशेहून अधिक अतिनवतारे शोधले. २००४ साली त्यांना एका दूरच्या दीर्घिकेत अल्पकाळ उजळून विझलेला तारा दिसला होता. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जागी अतिनवतारा २००६जेसी फुटला. अवजड तारा मरणापूर्वी अशी उसळी घेऊ शकतो याचा तो पुरावा ठरला. आधीची नोंद हाताशी नसती, तर २००६ चा तारा इतरांसारखाच एक गणला गेला असता.

आज आकाशाची पाहणी स्वयंचलित दुर्बिणी करतात आणि वर्षाला हजारो अतिनवतारे नोंदतात. त्यापुढे हौशी माणसाने काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. संख्येची शर्यत त्याने केव्हाच गमावली आहे. पण या दुर्बिणी सारे आकाश पाहतात म्हणूनच एका दीर्घिकेवर एकदा नजर टाकून पुढे जातात. एकाच दीर्घिकेकडे तासभर टक लावून बसणे त्यांना परवडत नाही. १९ मे २०२३ रोजी इतागाकी यांनी एम १०१ मध्ये २०२३आयएक्सएफ शोधला, तेव्हा त्याच दीर्घिकेची आदल्या दिवसाची छायाचित्रे अनेक हौशी लोकांच्या संगणकांत पडून होती. काहींत अंधुक ठिपका होता, त्याआधीच्यांत नव्हता. स्फोटाची वेळ काही तासांच्या आत बांधता आली ती त्यांच्यामुळे.

याहून नाट्यमय उदाहरण अर्जेंटिनाचे. रोसारिओ शहरातील व्हिक्टर बुसो हे व्यवसायाने कुलूप-किल्ल्यांची कामे करणारे गृहस्थ. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते घरच्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते. समोर एनजीसी ६१३ ही दीर्घिका होती. वीस-वीस सेकंदांची छायाचित्रे ते घेत गेले. आरंभीच्या छायाचित्रांत काही नव्हते. थोड्या खंडानंतरच्या छायाचित्रांत एक ठिपका आला आणि तो दर छायाचित्रागणिक उजळत गेला. आघाततरंग ताऱ्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडतानाचा तो प्रकाश होता. ला प्लाता येथील मेलिना बेर्स्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या छायाचित्रांवरून तेज वाढण्याचा वेग मोजला. तो दिवसाला ४३ प्रती इतका भरला. अर्थात दिवसभर असे चालत नाही. पण पंचवीस मिनिटांत तेज दुप्पट झाले असा त्याचा अर्थ. नेहमीचे अतिनवतारे इतक्या झपाट्याने उजळताना दिसत नाहीत. बेर्स्टेन यांचा शोधनिबंध २०१८ साली 'नेचर'मध्ये आला, आणि त्यातल्या आलेखाच्या आरंभी बुसो यांच्या ठिपका नसलेल्या छायाचित्रांना जागा मिळाली.