उंडेऱ्याची कसोटी

प्लेगच्या इतिहासातील पुण्याचे प्रकरण ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. त्याच इतिहासातील उंडेऱ्याचे प्रकरण ठाऊक आहे असा वाचक त्याहूनही विरळा. उंडेरा हे गाव त्या काळी बडोदे शहरापासून सुमारे सहा मैलांवर, गायकवाडी मुलखात होते. आमचे मांजलपूर शहराच्या दक्षिण अंगास आणि उंडेरा वायव्येस. ही दोन्ही गावे आज वाढत्या बडोद्याने पोटात घेतली आहेत. १८९८ च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यात जे घडले त्याचा दाखला पुढे परदेशच्या वैद्यकानेही घेतला. महामारीच्या काळी सत्ता काय करते याचा धडा पुण्याने दिला. पुरावा काय करतो याचा धडा उंडेऱ्याने दिला. हे दोन्ही धडे शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

चीनच्या युनान प्रांतातून निघालेली ही साथ १८९४ साली हाँगकाँगला पोहोचली आणि तेथून जहाजांच्या वाटेने जगभर पसरली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठी आणि ताप येऊन माणसे दगावू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेगच होय, असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील बार्देशात हडफड्याचे. पुढे लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही आगगाडीच्या मार्गाने पुणे, कोकण, गुजरात असा फिरू लागला. उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात हे सिमाँने १८९८ मध्ये दाखविले. तोवर शत्रू कोठून येतो हेच कोणास नीट कळले नव्हते.

अशा अंधारात सरकारने पहिले शस्त्र उचलले ते कायद्याचे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. त्याची कलमे अवघी चार. पहिले नावापुरते, दुसऱ्याने सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा दिली, तिसऱ्याने ते मोडणाऱ्यास दंडविधानाच्या १८८ व्या कलमाची शिक्षा लावली, चौथ्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास दावा व खटला यांपासून अभय दिले. वकिलीचा व्यवसाय करणारे आम्ही लोक कोणताही कायदा वाचताना अधिकारासमोर कर्तव्य कोठे लिहिले आहे ते शोधतो. येथे ते सापडत नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे खरा, पण तो ती द्यावयाचीच असल्यास कोणी द्यावी, इतकाच. आणि तेही ठरविणार सरकारच.

या कायद्याचा सर्वांत कठोर अंमल पुण्यात झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर, देवघर असा भेद राहिला नाही. आजाऱ्यास इस्पितळात आणि त्याच्या माणसांस छावणीत नेले जाई. सामान जाळले जाई. स्त्रियांच्या तपासणीविषयी तक्रारी उठत. शेवट सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पण त्याच पुण्यात दुसराही एक मार्ग चालला होता. सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणीत होत्या. ती सेवा करता करताच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगी घरातून सोजीरही नेत होते आणि सावित्रीबाईही. लोकांनी त्यांतील भेद बरोबर ओळखला.

इकडे मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस सिद्ध करीत होते. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्यांना लोंबून जंतूंची वाढ होई आणि मग ते जंतू उष्णतेने मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परंतु एकाच्या धाडसाने शास्त्र सिद्ध होत नाही. ज्यांनी टोचून घेतले ते वाचले असे म्हणावे, तर ते अधिक सुखवस्तू असतील, स्वच्छ घरांत राहत असतील, अशी शंका कोणीही घेईल. न्यायालयात ज्याप्रमाणे साक्षीची उलटतपासणी व्हावी लागते, त्याप्रमाणे या लसीचीही व्हावयास हवी होती.

ती उंडेऱ्यास झाली. गावात प्लेग आधीच शिरला होता. गायकवाड सरकारच्या सहकार्याने हाफकिन आणि त्यांचे सहकारी तेथे गेले आणि घरागणिक माणसांची विभागणी करून प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. एकूण ५१३ जणांना टोचले, ४३७ जण तसेच राहिले. एकच छप्पर, एकच चूल, एकच विहीर. भेद एवढाच की एकाच्या दंडात सुई गेली आणि दुसऱ्याच्या गेली नाही. पुढे २८ कुटुंबांत प्लेग आला. त्या कुटुंबांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लस निष्फळ असती तर त्याच प्रमाणाने ७१ पैकी सुमारे २९ माणसे दगावली असती. शंकेखोरास यापुढे बोलावयास फारशी जागा उरली नाही.

तथापि या आकड्यांपाशी आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. ते २६ जण लस देऊन वाचविता आले असते काय? त्यांतील बहुतेक वाचले असते, असे आज आपण त्यांच्याच मरणाच्या आधारे म्हणतो. प्रयोगाला लेखी संमती घेण्याची प्रथा तेव्हा वैद्यकात रूढ नव्हती. संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले आणि ते उचितच झाले. पण लसीच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष दिली ती या शेतकरी कुटुंबांनी, आणि ती प्राण देऊन दिली. पुरावा फुकट मिळत नाही. म्हणूनच तो दडवून ठेवण्याचा अथवा त्यावाचून हुकूम सोडण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला असता कामा नये.

हीच साथ १८९९ मध्ये ब्राझीलच्या सांतुस बंदरात उतरली. तिच्याशी झुंजताना पुढे आलेले ओस्वाल्दो क्रूझ यांनी १९०४ साली रिओ द जानेरो येथे देवीची टोचणी सक्तीची करविली. लस चांगली होती. पण ती लोकांच्या घरी पोहोचली ती हुकमाच्या रूपाने. नोव्हेंबरात शहर पेटले, माणसे मेली आणि सक्ती मागे घ्यावी लागली. पुढे १९०८ मध्ये देवीच्या साथीने तेथे हजारोंचा बळी घेतला. सक्तीने अविश्वास जन्माला घातला आणि अविश्वासाची किंमत पुन्हा गरिबांनीच दिली.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी आधार घेतला तो १८९७ च्याच कायद्याचा. त्या वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कडक शिक्षा आली. ती आवश्यकच होती. परंतु रोग्याचे हक्क आणि सरकारचे कर्तव्य यांचे पान कोरेच राहिले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८६ व्या अहवालात या कायद्याच्या उणिवा दाखवून व्यापक सुधारणा सुचविली. त्याआधी, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले, वाजवी निर्बंधांचा सरकारचा अधिकार मान्य केला आणि लसीच्या चाचण्यांची माहिती लोकांपुढे ठेवण्यास बजावले. या तिसऱ्या आज्ञेत आम्हांस उंडेऱ्याचे ऋण थोडेसे फिटल्यासारखे वाटते.

साथ पुन्हा येईल. तेव्हा अधिकार लागतील, नियम लागतील, प्रसंगी दंडही लागेल. पण दारावर पडणारी पहिली थाप कोणाची असावी, सोजिराची की सावित्रीबाईंची, हे साथ येण्यापूर्वीच कायद्यात लिहून ठेवावयास हवे. ती आल्यावर लिहिण्यास कोणाला सवड नसते.