‘इ. स.’ ही दोन अक्षरे

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आम्ही ‘इ. स.’ लिहितो, त्यातील ‘इ’ म्हणजे प्रत्यक्ष येशू, हे सहसा ध्यानी येत नाही. अरबीत येशूस ईसा म्हणतात, त्यावरून इसवी. ‘सन’ हा शब्दही अरबीच.

ही गणना ५२५ साली रोममधील मठवासी डायोनिसियस एक्झिग्युअस याने सुरू केली. तोवर ईस्टरच्या तारखांची कोष्टके डायोक्लेशियन बादशहाच्या शकाने मांडली जात. ख्रिस्ती जनांच्या या छळकर्त्याचे नाव त्यास नको होते. जन्मवर्ष मात्र चुकले. हेरोद बहुधा इ. स. पू. ४ मध्ये वारला, आणि मत्तयानुसार येशू त्याच्या हयातीत जन्मला. म्हणजे ख्रिस्तजन्म ‘ख्रिस्तपूर्व’ ठरतो! धर्मशिक्षणाच्या वर्गात हे लपवू नये, असे आम्हांस वाटते.

इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीने डायोक्लेशियनचा शक आजतागायत राखला आहे. त्यास ती हुतात्म्यांचा शक म्हणते.