विदेशी सरीसृपांचे खासगी पालन : कायदेशीर निर्बंध (मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात)

भारतात मुळात न आढळणारे साप, सरडे, कासवे व मगरी घरी, बंगल्यात किंवा फार्महाउसवर पाळण्यावर कायद्याने घातलेली बंधने हा या नोंदीचा विषय आहे. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, कॉर्न स्नेक, बिअर्डेड ड्रॅगन आणि लाल कानाचे कासव ही या बाजारातली ओळखीची नावे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा येथे उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण मुंबई आणि पुणे या दोन शहरांमधल्या हौशी पैशाने इथे बंगले व फार्महाउसे उभी राहिली आहेत आणि त्यांच्या कुंपणाला लागूनच सह्याद्रीचे जंगल, धरणांचे जलाशय व नद्यांचे उगम आहेत. भारतीय कायद्याने गेल्या काही वर्षांत या विषयात मोठी मजल मारली आहे. तरीही त्याचा सगळा भर प्राणी कुठून व कसा आला यावर आहे. तो पिंजऱ्यातून निसटला किंवा कंटाळून सोडून दिला तर ज्या ठिकाणी तो जाईल तिथे काय होईल, हा प्रश्न अद्याप कायद्याच्या कडेलाच राहिला आहे. मावळासारख्या प्रदेशासाठी मात्र तोच मुख्य प्रश्न आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा मूळ कायदा. त्याने देशी प्राण्यांची शिकार, व्यापार आणि खासगी ताबा टप्प्याटप्प्याने जवळजवळ पूर्ण बंद केला. नाग, अजगर, घोरपड, चांदणी कासव यांपैकी काहीही आज घरी ठेवता येत नाही. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी महाराष्ट्रात ज्याचा चोरटा व्यापार वर्षानुवर्षे चालला, ते मांडूळ बाळगणाऱ्यालाही अटक होते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांच्या पूजेला व मिरवणुकीला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी आळा घातला, गारुड्यांचा पिढीजात धंदा संपला. हे सर्व योग्यच झाले. पण याच काळात परदेशी सापाला या कायद्यात जागाच नव्हती. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात भारत १९७६ मध्ये सहभागी झाला, मात्र त्याची अंमलबजावणी सीमाशुल्क व परकीय व्यापाराच्या कायद्यांतून होत असे. विमानतळाबाहेर पडलेला प्राणी या कायद्यांच्या नजरेतून जवळजवळ नाहीसाच होई. गारुड्याच्या टोपलीतला नाग गुन्हा ठरला आणि दिवाणखान्यातल्या काचपेटीतला आफ्रिकी अजगर हौस ठरला. ही विषमता पन्नास वर्षे टिकली, आणि तिची झळ गरीब माणसालाच लागली हे नोंदवले पाहिजे.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली. यापुढे विदेशी प्राणी आयात करायचा तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याबरोबर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे ना-हरकत पत्र लागेल, आणि जे आधीच अशा प्राण्यांचे मालक आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती दिली तर त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असा तिचा आशय होता. या सवलतीने चोरटा माल धुऊन निघाला, ही टीका रास्त आहे. पण किती प्राणी कुठे आहेत हे सरकारलाच ठाऊक नसताना, कुठूनतरी मोजणीला सुरुवात करणेही भाग होते. खरा बदल वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ ने घडवला. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या या सुधारणेने कायद्याच्या अनुसूची चारवर आणल्या आणि चौथ्या अनुसूचीत साइट्सच्या परिशिष्टांतील प्रजाती घातल्या. कलम ४९-एम नुसार अशा जिवंत प्राण्याच्या मालकाने त्याची नोंदणी करणे, त्याचे हस्तांतर, जन्म व मृत्यू कळवणे बंधनकारक झाले. पाठोपाठ २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले. आधीच्या मालकांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज करण्यासाठी सहा महिने मिळाले. कायद्याचा सामान्य भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची मर्यादा आहे.

इथपर्यंतची चौकट चांगली आहे. तिची उणीव तिच्या पायातच आहे. साइट्सची यादी एकाच कसोटीवर बनते : आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे प्रजातीला तिच्या मायदेशी धोका आहे का? जिथे ती नेली जाते त्या प्रदेशाला तिच्यापासून धोका आहे का, हे ती यादी पाहत नाही आणि पाहणे तिचे कामही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाला सापडले. विमानतळावर दोन्ही सापांची आयात सारखीच बेकायदा. पण समजा तीच पुडी तपासणीतून सुटून घाट चढून आली असती, तर? बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंदणी लागते. कॉर्न स्नेक कोणत्याच परिशिष्टात नाही, म्हणून चौथ्या अनुसूचीतही नाही, म्हणून नोंदणीही नाही. आता निसर्गाच्या बाजूने पाहावे. बॉल पायथन पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ, बऱ्याच अंशी कोरड्या प्रदेशातला साप. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात तो मूळ धरेल याची शक्यता कमी. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसणारा, शेतातल्या व गोठ्यातल्या उंदरांवर जगणारा साप. मावळच्या भातखाचरांभोवती त्याला काय कमी पडेल? ज्याची कायदा नोंद ठेवतो त्याचा मावळाला धोका कमी आणि ज्याची ठेवत नाही त्याचा अधिक, असा उलटा हिशेब इथे झाला आहे.

हा हिशेब सुलट करण्याचे साधन कायद्यातच आहे, हे फारसे चर्चेत येत नाही. २०२२ च्याच सुधारणेने ‘आक्रमक परकीय प्रजाती’ची व्याख्या कायद्यात आणली आणि कलम ६२-ए अन्वये अशा प्रजातींची आयात, व्यापार, ताबा व प्रसार यांवर अधिसूचनेने निर्बंध घालण्याचा किंवा पूर्ण बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. या कलमाला साइट्सच्या यादीची अट नाही. लाल कानाचे कासव हे त्याच्या वापरासाठीचे सर्वांत ठळक उदाहरण. रुपयाच्या नाण्याएवढे असताना मत्स्यपेटीच्या दुकानातून ते घरी येते, काही वर्षांत ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. पेटी लहान पडू लागली, पाण्याला वास येऊ लागला की मालक ते जवळच्या तळ्यात सोडतो आणि आपण त्याला मोकळे केले असे समजतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याला घेतले आहे. युरोपात स्थानिक तळ्यातल्या कासवाला अन्नावरून आणि उन्हाला बसण्याच्या जागांवरून ते मागे सारते, असे अभ्यासांतून दिसले. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली.

मावळाची भूरचना पाहिली की हा धोका कागदी नाही हे पटते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, पवना तालुक्याच्या दक्षिण भागातून वाहते. दोन्ही नद्यांचे पाणी पुढे भीमेत व तिथून कृष्णेत जाते. उलट, वळवण, लोणावळा, शिरवता या टाटांच्या तलावांतील पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली खोपोलीला सोडले जाते, आणि राजमाचीच्या परिसरात उल्हास नदी उगम पावून पश्चिमेला वळते. पाणलोटाच्या या माथ्यावर एखादी पाणप्रजाती रुजली तर तिला पूर्वेकडे दख्खनच्या नद्या आणि पश्चिमेकडे कोकण असे दोन्ही रस्ते खुले आहेत. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात लीथचे मऊ पाठीचे कासव आहे. ते अतिसंकटग्रस्त असून २०२२ मध्ये साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात गेले. वाळूउपसा, सांडपाणी व शिकार यांनी आधीच पिचलेल्या या प्राण्याच्या वाट्याला परदेशी कासवाची स्पर्धा व त्याच्यासोबत येणारे परजीवी येऊ देणे हा शुद्ध निष्काळजीपणा ठरेल. घाटमाथ्यावर खापरखवल्यासारखे जमिनीखाली राहणारे, फार छोट्या टापूत आढळणारे साप आहेत. अशा प्राण्यांना नवा शत्रू पचवण्याइतका पैस नसतो.

यावर पहिला आक्षेप असा : मावळात एखादी परदेशी सरीसृप प्रजाती जंगलात रुजल्याचा पुरावा कुठे आहे? पुरावा हातात येईपर्यंत थांबायचे, ही भूमिका वरवर शास्त्रीय वाटते. पण आक्रमक प्रजातींच्या बाबतीत पुरावा दिसू लागतो तेव्हा उपायाची वेळ बहुधा गेलेली असते. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मी अजगर अनेक वर्षे नजरेआड वाढला. २०१२ मध्ये अमेरिकेने त्याच्या आयातीवर निर्बंध घातले तोवर तो तिथला कायमचा रहिवासी झाला होता. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर हिरवे इग्वाना इतके माजले की २०१८ पासूनच्या सरकारी मोहिमेत दहा लाखांहून अधिक मारावे लागले. थायलंडमधल्या लोपबुरी प्रांतात २०२३ मध्ये शेतांची नासाडी करणारे इग्वाना पकडण्याची पाळी आली, आणि ते पाळीव म्हणून आणलेल्यांचेच वंशज मानले जातात. भारतातही केरळातील त्रिशूर परिसर आणि गुवाहाटीचे दीपोर बील येथे लाल कानाची कासवे आढळली आहेत. लोणावळ्याचा हिवाळा इग्वानाला थोडा जड जाईल, हे मान्य. पण घाटाखालच्या रायगड जिल्ह्याचा जाणार नाही, आणि मध्ये कुंपण नाही.

विषारी सापांचा मुद्दा वेगळा आणि अधिक तातडीचा आहे. २०२५ मध्ये थायलंडहून मुंबईत आलेल्या प्रवाशाकडे इंडोनेशियातील ४४ चापडे आणि शेपटीला कोळ्यासारखा आकार असलेले ३ शिंगी घोणस सापडले. ते कुणासाठी तरी मागवलेले होते. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. परदेशी चापड्याचा दंश झालेला रुग्ण मावळातल्या सरकारी रुग्णालयात आला, तर डॉक्टर कितीही कुशल असला तरी त्याच्या हाती नेमके औषध नसेल. दंश मालकालाच होईल असेही नाही. बंगल्याची राखण करणारा, पिंजरा साफ करणारा आणि ‘साप निघालाय’ म्हटल्यावर धावून जाणारा सर्पमित्र हे तिघेही बहुतेकदा आसपासच्या गावचे असतात. ज्या विषावर देशात औषध नाही तो साप खासगी व्यक्तीने पाळण्यावर सरसकट बंदी हवी. इथे हौसेच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बंदी आली की मालक प्राणी लपवतो किंवा रात्री तलावात सोडतो, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. नॉर्वेने सत्तरच्या दशकापासून सरीसृपपालनावर बंदी ठेवली. ती असूनही चोरून पाळणे चालूच राहिले आणि अखेर २०१७ मध्ये सरकारने १९ निवडक प्रजातींना परवानगी दिली. या अनुभवाचा अर्थ नियंत्रण सोडावे असा नाही. काय पाळता येणार नाही याची कधीच पुरी न होणारी यादी करण्याऐवजी काय पाळता येईल याची छोटी, तपासलेली यादी करावी, असा तो आहे. जपानने १ जून २०२३ पासून लाल कानाच्या कासवाची विक्री, आयात व बाहेर सोडणे बंद केले, पण घरातले कासव ठेवायला किंवा कुणाला फुकट द्यायला मोकळीक दिली. मालकाला गुन्हेगार न करता बाजार बंद करण्याची ही रीत कलम ६२-ए खालच्या अधिसूचनेसाठी जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. पिंजऱ्यात प्रजनन झाल्याने जंगलातली पकड कमी होते, हा पालकांचा युक्तिवाद काही प्रजातींपुरता खरा आहे. पण आफ्रिकेतून आजही बॉल पायथनची निर्यात होते आणि आपल्याकडे येणारे कित्येक प्राणी विमानाच्या सामानात गुदमरत येतात. अशा मालाच्या पेटीवर ‘पिंजऱ्यात जन्मलेला’ एवढे लिहून काहीच सिद्ध होत नाही.

अंमलबजावणीचा भार मावळात वडगाव व शिरोता या वनपरिक्षेत्रांच्या कर्मचाऱ्यांवर येतो. वणवे, शिकार, अतिक्रमण आणि पावसाळी पर्यटकांची गर्दी सांभाळून त्यांनी काचपेटीतल्या सापाची जातही ओळखावी, ही अपेक्षा प्रशिक्षणाशिवाय पुरी होणार नाही. केंद्रीय संकेतस्थळावरची नोंद वनपरिक्षेत्र कार्यालयापर्यंत गावनिहाय पोचली, तर निसटलेला प्राणी कुणाचा हे निदान विचारता येईल. सर्वांत मोठी गरज प्राणी परत देण्याच्या जागेची आहे. नको झालेले कासव किंवा इग्वाना दंडाच्या भीतीशिवाय सोपवता येईल, असे केंद्र जिल्ह्यात हवे. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय व तिथले १९८६ पासूनचे सर्पोद्यान यांचा अनुभव अशा केंद्राला उपयोगी पडेल. पण प्राणिसंग्रहालयाच्या मर्यादित पिंजऱ्यांवर हे ओझे टाकता येणार नाही. त्यासाठी स्वतंत्र जागा, पशुवैद्यक आणि विदेशी प्राण्यांच्या नोंदणीशुल्कातून व दंडातून येणारा निधी लागेल. विमानतळावर पकडलेले प्राणी विमान कंपनीमार्फत मूळ देशी परत पाठवले जातात. देशात पोचून वर्षे झालेल्या प्राण्यासाठी अशी वाट नाही, आणि आज त्याच्यासमोर उघडा असलेला सर्वांत सोपा दरवाजा जवळच्या धरणाचा आहे.