मूठभर धान्याचा हिशेब

सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहिताना मोठ्या देणग्यांची नोंद कटाक्षाने होते. परंतु पडत्या काळात संस्था कशाच्या बळावर तगली, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. रयत शिक्षण संस्थेच्या पूर्वेतिहासाकडे आम्ही या प्रश्नासाठीच वळतो.

भाऊराव पाटील यांनी ही संस्था १९१९ साली कराडजवळील काले या गावी स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. या पंक्तीला लागणारे धान्य आणावयाचे कोठून, ही रोजची विवंचना होती. तिच्यावरचा एक उपाय म्हणजे मुष्टिफंड. घरोघरच्या स्त्रियांनी मूठमूठ धान्य बाजूस काढावे आणि साठलेले धान्य मुलांसाठी द्यावे, अशी ही साधी योजना. भाऊराव पूर्वी नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडलेले होते. कुणब्याच्या घरात रोकड किती आणि कणगीत धान्य किती, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. अशा वेळी रोख वर्गणी प्रथम आटते. मूठभर जोंधळ्याची बाजारातील किंमत निम्म्यावर आली, तरी त्याची भाकरी काही अर्धी होत नाही. दात्यापाशी जे उरते तेच मागावे, हे या योजनेचे मर्म होय.

१९३० साली निवर्तलेल्या लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, मंगळसूत्रासुद्धा, दिले. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि सोने एकदाच मोडता येते, मूठ उद्या पुन्हा भरता येते. एकीच्या सर्वस्वावर संस्था चालावी लागते, तेव्हा तो इतरांच्या औदासीन्याचाही पुरावा असतो.

मुष्टिफंडातून इमारती उभ्या राहत नाहीत, शिक्षकांचे वेतनही भागत नाही. त्यासाठी मोठे दाते आणि सरकारी अनुदान लागतेच. परंतु ज्या घरातून मूठ येते, त्या घराला संस्था आपली वाटते, आणि पडत्या काळात हीच आपुलकी कामास येते. महाराष्ट्राबाहेरील आपल्या ग्रंथालयांच्या व मंडळांच्या चालकांनी वर्गणी थकताच एखाद्या धनिकाचे दार ठोठावण्यापूर्वी या हिशेबाकडे एकवार पाहावे, असे आम्हांस वाटते.