प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड

भारतातील मोटारगाड्यांच्या आद्य उत्पादकांपैकी एक कंपनी. स्थापना मुंबई येथे १९४४ मध्ये. संस्थापक सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३). रेल्वेच्या बांधकामाचे ठेकेदार म्हणून व्यवसायास आरंभ करून पुढे जहाज व विमान या उद्योगांत पदार्पण केलेल्या वालचंदांनी देशी मोटार-उद्योगाचाही ध्यास घेतला होता.

मुंबईत १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी आयात केलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार करीत असे. त्यामुळे जोडणीचे काम येथे होई. परंतु निर्मितीचे तंत्र परकीयांच्याच हाती राही. मोटारनिर्मितीचा स्वतंत्र कारखाना काढण्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली व वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळाने तीस अनुकूलता दर्शविली; तथापि १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिल्याने हा आधार तुटला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचे सहकार्य मिळविण्यात आले होते; पण हा उद्योग युद्धकार्यास आवश्यक असल्याचे ब्रिटिश सरकारने मान्य केले नाही. परिणामी योजना काही वर्षे रखडली.

कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये डॉज, प्लिमथ इ. गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन लहान गाड्यांकडे लक्ष वळविण्यात आले. निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कंपन्यांना वाव न ठेवण्याचे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले. त्यामुळे जनरल मोटर्सने येथील काम आवरले व देशी उत्पादकांना संरक्षित बाजारपेठ लाभली. १९५४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० ही गाडी मध्यमवर्गात व टॅक्सीचालकांत लोकप्रिय झाली. फियाटचे नाव गेल्यावर ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली.

संरक्षणाबरोबर बंधनेही आली. उत्पादनाची मर्यादा परवान्याने ठरे, तर गाड्यांच्या किमतींवर सरकारी नियंत्रण असे. किमतीचा हा वाद १९७० नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्पर्धेच्या अभावी मूळ आराखड्यात मोठे फेरफार झाले नाहीत. १९८३ मध्ये मारुती गाडी बाजारात आल्यावर ही उणीव उघडी पडली. कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एन ई’ ही गाडी काढली, तसेच १९९० नंतर प्यूजो व फियाट यांच्याशी भागीदारी केली. परंतु पूर्वीचे स्थान तिला परत मिळाले नाही. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. वयोमर्यादेच्या नियमानुसार मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली.

परकीय सत्तेच्या नकारानंतरही उभा राहिलेला हा उद्योग स्वदेशी संरक्षणाने वाढला. मात्र त्याच संरक्षणामुळे त्याची नवनिर्मितीची निकड मंदावली. भारतीय औद्योगिक इतिहासात या कंपनीचे महत्त्व या दोन्ही कारणांनी आहे.